दूरच्या युद्धाचे बिल कोणाच्या दारात?

२४ जून १९६८. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. लिंकन स्मारकाजवळच्या मैदानात देशभरातून आलेल्या गरीब माणसांनी प्लायवूड आणि ताडपत्रीची वस्ती उभारली होती. सहा आठवडे ते पावसाचिखलात तिथे राहिले. काम, घर आणि जगण्यापुरते उत्पन्न एवढीच त्यांची मागणी होती. परवान्याची मुदत संपताच पोलिसांनी वस्ती रिकामी केली आणि ती मोडून टाकण्यात आली.

त्यानंतर चारच दिवसांनी, २८ जूनला, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एका कायद्यावर सही केली. त्या कायद्याने आयकरावर १० टक्के अधिभार लागला आणि सरकारी खर्चात ६ अब्ज डॉलरची कपात ठरली. या दोन घटनांना जोडणारा धागा हजारो मैल दूर होता. तो म्हणजे व्हिएतनामचे युद्ध.

आपल्याकडे परदेशातल्या युद्धाची चर्चा बहुतेक वेळा कोण जिंकणार आणि कोणाकडे कोणते क्षेपणास्त्र आहे इथेच थांबते. या युद्धाचे पैसे कोण भरतो, हे कोणी विचारत नाही. व्हिएतनामचे उदाहरण त्यासाठी नीट समजून घ्यावे असे आहे. एक तर त्याचा हिशेब आज उघड झालेला आहे. दुसरे म्हणजे, तो हिशेब जगापुढे मांडणाऱ्या माणसाला मौन सोडण्याची विनंती एका बौद्ध भिक्खूने केली होती.

एकाच वेळी दोन युद्धे

जानेवारी १९६४ मध्ये जॉन्सन यांनी ‘गरिबीविरुद्ध युद्ध’ जाहीर केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यासाठी कायदा झाला. गरीब मुलांसाठी ‘हेड स्टार्ट’ ही पूर्वप्राथमिक शिक्षणाची योजना, बेरोजगार तरुणांसाठी ‘जॉब कोअर’ ही प्रशिक्षण केंद्रे, वस्तीपातळीवरची विकासकामे, मोफत कायदेविषयक मदत असे बरेच काही त्यातून सुरू झाले. कृष्णवर्णीय वस्त्यांना त्याचा मोठा आधार होता.

मार्च १९६५ मध्ये अमेरिकेचे लढाऊ सैन्य व्हिएतनाममध्ये उतरले. वर्षअखेरीस तिथे पावणेदोन लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक होते आणि १९६८ मध्ये पाच लाखांहून अधिक. दोन्ही युद्धे एकाच तिजोरीतून लढायची होती. गरिबीविरुद्धच्या मुख्य कार्यालयाला वर्षाला दोन अब्ज डॉलरसुद्धा मिळाले नाहीत. व्हिएतनामच्या लष्करी कारवायांवर मात्र १९६५ ते १९७५ या काळात सुमारे १११ अब्ज डॉलर खर्च झाले.

खरा खर्च जनतेला आधी सांगितलाच गेला नाही. जानेवारी १९६६ मध्ये पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प मांडताना, जून १९६७ पर्यंत युद्ध संपेल असे गृहीत धरले होते. त्यामुळे युद्धासाठीची तरतूद सुमारे १० अब्ज डॉलर दाखवली गेली. प्रत्यक्ष खर्च त्याच्या जवळपास दुप्पट झाला.

बिल चार वाटांनी येते

युद्धाचे बिल एका कागदावर, एका आकड्यात कधीच येत नाही. ते चार वाटांनी येते.

पहिली वाट उघड कराची. अमेरिकेत फोनच्या बिलावरचा कर जानेवारी १९६६ मध्ये ३ टक्क्यांवर आला होता. काही महिन्यांतच युद्धखर्चासाठी तो पुन्हा १० टक्के करण्यात आला. युद्धविरोधी लोकांनी पुढे हाच कर भरायला नकार देऊन आंदोलन केले. नंतर १९६८ चा अधिभार आला. वर्षाला १,००० डॉलर आयकर देणाऱ्याने १,१०० डॉलर द्यायचे. सर्वांत कमी उत्पन्नाच्या गटांना यातून सूट होती. म्हणजे कागदावर गरीब सुटला. पण बाकीच्या तीन वाटा त्याच्याच दारात जातात.

दुसरी वाट महागाईची. कर वेळेवर वाढवला तर लोक युद्धाचा हिशेब मागतील, या भीतीने सरकारने आधी उसनवारीवर भागवले. कारखाने आणि मजूर युद्धाच्या कामात गुंतले, बाजारात पैसा वाढला आणि किमती चढल्या. १९६५ मध्ये अमेरिकेत महागाईचा दर दोन टक्क्यांच्या आत होता. १९६९ मध्ये तो पाच टक्क्यांच्या पुढे गेला. हासुद्धा एक करच आहे, फक्त त्याची पावती मिळत नाही. ज्याची सगळी मजुरी किराणा आणि घरभाड्यात जाते, त्याला तो सर्वाधिक बसतो.

तिसरी वाट कपातीची. संसदेने अधिभाराला मान्यता दिली, पण सहा अब्जांच्या खर्चकपातीची अट घालून. युद्धाच्या खर्चाला हात लावायचा नव्हता, म्हणून कात्री नागरी योजनांवर आली. पुढच्याच वर्षी निक्सन सरकारने जॉब कोअरची पन्नासहून अधिक केंद्रे बंद केली. योजना एका दिवसात बंद होत नाही. आधी तिची तरतूद वाढायची थांबते, मग जागा रिकाम्या राहतात, आणि शेवटी ‘लाभार्थीच नाहीत’ असे सांगून ती गुंडाळली जाते. वस्तीत काम करणाऱ्या कोणालाही ही रीत ओळखीची वाटेल.

चौथी वाट उद्याच्या पिढीची. युद्ध संपले तरी कर्जाचे व्याज, जखमी सैनिकांचे उपचार आणि पेन्शन चालूच राहते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धातील एका सैनिकाच्या मुलीला २०२० मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत दरमहा ७३.१३ डॉलर पेन्शन मिळत होती. दीडशे वर्षांनंतरही त्या युद्धाचे बिल करदाता भरत होता. व्हिएतनाममध्ये फवारलेल्या विषारी ‘एजंट ऑरेंज’मुळे आजारी पडलेल्या सैनिकांची भरपाई आजही दिली जाते.

आणि पैशापलीकडचाही एक कर होता. १९६६ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने भरतीचे निकष खाली आणले. आधी बौद्धिक चाचणीत नापास ठरले असते असे सुमारे साडेतीन लाख तरुण त्यातून सैन्यात गेले. त्यांतले जवळपास ४० टक्के कृष्णवर्णीय होते. ज्यांना शिक्षण द्यायचे होते, त्यांच्या हाती बंदूक दिली गेली.

भिक्खूचे पत्र आणि किंग यांचा हिशेब

जून १९६५ मध्ये व्हिएतनामी भिक्खू थिक न्हात हान यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांना पत्र लिहिले. माणसाचा शत्रू माणूस नसून द्वेष, असहिष्णुता आणि भेदभाव हे त्याचे शत्रू आहेत, हा बौद्ध विचार त्यांनी मांडला आणि या युद्धाबद्दल गप्प न राहण्याची विनंती केली. पुढच्या वर्षी शिकागोत दोघांची भेट झाली. जानेवारी १९६७ मध्ये किंग यांनी त्यांचे नाव नोबेल शांतता पुरस्कारासाठी सुचवले.

४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये किंग यांनी युद्धाला जाहीर विरोध केला. गरिबांच्या योजनांसाठी लागणारी माणसे, कौशल्य आणि पैसा हे युद्ध शोषून घेत आहे, असे ते म्हणाले. त्या वर्षीच्या भाषणांत ते एक हिशेब मांडत. व्हिएतनाममध्ये एक शत्रू मारायला सरकार ३,२२,००० डॉलर खर्च करते आणि देशातल्या एका गरिबावर फक्त ५३ डॉलर.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेख लिहून त्यांची चूक काढली. कृष्णवर्णीयांची सर्वांत जुनी मोठी संघटना एनएएसीपी हिनेही नागरी हक्क आणि शांतता हे दोन विषय एकत्र करणे चुकीचे आहे, असा ठराव केला. थोडक्यात, ‘हा आपला विषय नाही’ असे त्यांच्याच लोकांनी त्यांना सांगितले. बरोबर एका वर्षाने, ४ एप्रिल १९६८ रोजी, त्यांची हत्या झाली. वॉशिंग्टनमध्ये जूनमध्ये मोडलेली ती वस्ती म्हणजे त्यांनीच आखलेल्या ‘गरिबांच्या मोहिमे’चा भाग होती.

अमेरिकी सत्तेने यातून एकच धडा घेतला, बिल आणखी लपवायचा. अफगाणिस्तान आणि इराकच्या युद्धांच्या काळात कर वाढवण्याऐवजी २००१ आणि २००३ मध्ये ते कमी केले गेले. त्याचा मोठा फायदा श्रीमंतांना झाला. युद्धे कर्जावर चालली. ब्राउन विद्यापीठाच्या अभ्यासगटाने २०२१ मध्ये ११ सप्टेंबरनंतरच्या युद्धांचा खर्च, सैनिकांवरचा पुढचा खर्च धरून, सुमारे ८ लाख कोटी डॉलर काढला.

हा आपला विषय आहे का?

बाबासाहेबांना तो आपला विषय वाटला होता. मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यानंतर ऑक्टोबर १९५१ मध्ये केलेल्या निवेदनात त्यांनी हाच हिशेब ठेवला. देशाचा वार्षिक महसूल ३५० कोटी आणि त्यातले सुमारे १८० कोटी सैन्यावर. एवढा प्रचंड खर्च हा आपल्या परराष्ट्र धोरणाचा थेट परिणाम आहे, असे त्यांनी बजावले. संरक्षण नको, असे ते म्हणत नव्हते. परराष्ट्र धोरण चुकले की त्याची किंमत गरीब देशाच्या तिजोरीला मोजावी लागते, हा अर्थतज्ज्ञाचा मुद्दा होता.

त्याही आधी दीघ निकायातल्या कूटदंत सुत्तात हा प्रश्न आलेला आहे. महाविजित राजाची तिजोरी भरलेली असते आणि त्याला मोठा यज्ञ करायचा असतो. पुरोहित त्याला सांगतो की राज्यात लूटमार माजली आहे, अशा वेळी नवा कर लावणे अयोग्य ठरेल, आणि नुसत्या शिक्षेनेही लूटमार थांबणार नाही. त्यापेक्षा शेतकऱ्याला बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, राजसेवकाला वेतन दे. राजा तसे करतो. लोक आपापल्या कामाला लागतात, तिजोरी पुन्हा भरते आणि माणसे घराची दारे उघडी ठेवून निर्भयपणे राहू लागतात. सुरक्षेची याहून स्वस्त योजना कोणत्याही सेनापतीने सुचवलेली नाही.

निधी वळवण्यासाठी युद्धच लागते असेही नाही. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी अनुसूचित जातींच्या विशेष घटक योजनेतले शेकडो कोटी रुपये वळवले गेले. माहिती अधिकारातून ते बाहेर आले आणि सरकारला संसदेत कबूल करावे लागले. कोणीतरी अर्थसंकल्पाचे कागद काढून वाचले, म्हणून ते कळले.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना एक सुचवावेसे वाटते. आपण कर भरत नाही, या गैरसमजात राहू नका. साबणाच्या वडीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत आपण रोज जीएसटी भरतो. दर रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास काढा. केंद्र आणि राज्याच्या अर्थसंकल्पात अनुसूचित जाती-जमातींसाठी किती तरतूद होती, किती खर्च झाली आणि उरलेली कुठे गेली, हे तीन आकडे फळ्यावर लिहा. तिसरा आकडा सापडला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज तिथेच बसून भरा.