श्वान-निर्बीजीकरण : योग्य वयाचा विचार
खोंड खच्ची करण्यापूर्वी शेतकरी त्याचे दात पाहतो. दोन-अडीच वर्षांनी पक्के दोन दात आले, खांदा भरला, की मगच निर्णय होतो. चांदवडसारख्या गावी घरोघरी पाळल्या जाणाऱ्या कुत्र्याबाबत मात्र ‘सहा महिने झाले की शस्त्रक्रिया’ असा सरसकट नियम रूढ झाला आहे. वस्तुतः प्रश्न तोच, वाढीचा. लैंगिक संप्रेरकांमुळे हाडांच्या टोकांची वाढ थांबते. ती संप्रेरके लवकर नाहीशी झाल्यास हाडे लांबत राहतात व सांधे दुबळे होतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२० मध्ये ३५ जातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हा धोका अनेक मोठ्या जातींत आढळला, लहान जातींत जवळजवळ नाही. म्हणून प्रौढपणी २० किलोंहून अधिक भरणाऱ्या नरासाठी ९ ते १५ महिने थांबणे श्रेयस्कर; लहान चणीच्या नरास सहा महिने पुरेत.

मादीचे गणित अधिक अवघड आहे. पहिल्या माजापूर्वीच्या शस्त्रक्रियेने स्तनांचा कर्करोग टळतो, ही धारणा १९६९ च्या एका अभ्यासावर उभी आहे. २०१२ च्या पुनर्परीक्षणात तिचा पुरावा कच्चा ठरला. गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा विकार मात्र निश्चित टळतो. माजावर असताना रक्तस्राव वाढतो, म्हणून त्यानंतर दोन-तीन महिने जाऊ द्यावेत. ‘एकदा तरी व्यायला हवी’ या समजुतीस वैद्यकीय आधार नाही. त्या वेतातील पिले कोण सांभाळणार, हे मालकाने आधी ठरवावे.