नावाच्या तीन चौकटी

वर्ध्याजवळील सावंगी (मेघे) येथील मोठे रुग्णालय आचार्य विनोबा भावे यांच्या नावाने उभे आहे. जन्मनाव विनायक, लोकांनी हृदयात जपले ते विनोबा. ‘समणसुत्तं’ या ग्रंथाच्या संकलनाला प्रेरणा देणाऱ्या या संताची नोंद संगणकात करावयाची झाली, तर यांपैकी कोणते नाव लिहावे?

प्रश्न गमतीचा वाटेल, पण रुग्णनोंदणीच्या खिडकीवर तो गंभीर होतो. बहुतेक संगणकप्रणाली नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशा तीन चौकटी मांडतात. ही मराठी रीत. तेलुगू घरांत घराण्याचे नाव आधी येते, तेही बहुधा आद्याक्षरापुरतेच. अनेक तमिळ कुटुंबांत तर आडनावच नसते.

आपल्या समाजातील साध्वीजींचे उदाहरण याहून बोलके आहे. दीक्षेबरोबर घर सुटते, तसे पित्याचे नाव व कुळाचे नावही सुटते. उरते गुरूंनी दिलेले नाव. उपचारांसाठी नोंद करताना यंत्र मात्र रिकामी चौकट स्वीकारत नाही. मग सोबतचा श्रावक एकदा ‘जैन’ लिहितो, पुढच्या वेळी दुसरा कोणी ‘महाराज’ लिहितो. यंत्राच्या लेखी त्या दोन व्यक्ती होतात आणि एखादे औषध सोसत नसल्याची नोंद पहिल्याच कागदांत राहून जाते. त्यागलेले कुळनाम बळेच लिहवून घेणे हा तर वेगळाच क्लेश.

गृहस्थांचीही सुटका नाही. दि. 27 जानेवारी 2014 रोजी जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. नावापुढे ‘जैन’ लावणाऱ्यांच्या शाळेच्या दाखल्यावर मूळ आडनाव असेल, तर दोन कागदांचा मेळ बसत नाही. रोमन लिपीत ‘ज्ञानेश्वर’ कोणी ‘डी’पासून लिहितो, कोणी ‘जी’पासून, यंत्राला ते दोघे वाटतात. त्यातच 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदीत आईचे नाव अनिवार्य झाले. निर्णय स्तुत्य आहे, पण चौकट आता चौथी हवी.

उपाय अवघड नाही. व्यक्ती सांगेल तसे पूर्ण नाव लिहिण्यास एकच मोकळी जागा द्यावी, आडनावाची सक्ती काढावी, पूर्वीची नावे शोधता यावीत अशी सोय ठेवावी. ओळख पटवण्याचे काम क्रमांकाकडे सोपवावे. ‘आभा’ हा चौदा अंकी आरोग्य क्रमांक त्यासाठीच आहे. तोवर साध्वीजींसोबत जाणाऱ्या श्रावकाने पूर्वीचा केसपेपर जवळ बाळगावा आणि त्यावरील नावच अक्षरशः पुन्हा लिहवून घ्यावे.