जाताना साडेसहा तास, येताना चोवीस?

बाबांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी न्यू जर्सीत होतो. बुलढाण्याहून आईचा फोन: "निघालास तं कधी पोचशील रे?" माझं जातानाचं जुनं तिकीट तिच्याकडे होतं. मुंबई रात्री १, न्यूयॉर्क सकाळी ७:३०, तारीख तीच. येतानाचं मात्र सकाळी ११ ते दुसऱ्या दिवशी ११. "यायला चौपट वेळ?"

तसं नाही. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. माझे दोन्ही प्रवास उन्हाळ्यातले. म्हणून जातानाच्या साडेसहात साडेनऊ मिळवा, येतानाच्या चोवीसातून तेवढेच वजा करा. सोळा आणि साडेचौदा. म्हणजे उलट, येतानाच कमी!

अंतर दोन्हीकडून साधारण १२,५०० किलोमीटर. (पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून बघा, तो पार नॉर्वे-आइसलंडच्या बाजूने वर जातो. मला आधी खरंच वाटलं नव्हतं.) फरक पडतो वाऱ्याने. उंचावरचा जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तोंडावर, येताना पाठीशी.

पण आईला हवं होतं घरी पोचायचं उत्तर. मुंबईत इमिग्रेशन, सामान, रात्रीच्या गाडीची वाट, मलकापूरपर्यंत सात-आठ तास, पुढे मोताळा, राजूर घाट. "दीड दिवस धर," म्हटलं. ऑपरेशन गुरुवारी होतं, मी मंगळवारी सकाळचं विमान धरलं.