सहा दिवसांत मोजून होणाऱ्या पेशी

राजराज चोळानं तंजावरचं मोठं देऊळ 1010 च्या सुमारास पुरं केलं. तेव्हापासून तंजावर जिल्ह्यातल्या आजच्या चोळपुरमात कुणी ओट्यावर बसून, ना झोप ना जेवण, सेकंदाला एक याप्रमाणे मेंदूतल्या चेतापेशी मोजत राहिला असता, तर आत्ता कुठं 3,200 कोटींवर पोचला असता. एकूण आहेत सुमारे 8,600 कोटी. म्हणजे अजून सतराशे वर्षं बाकी.

यांपैकी पार्किन्सन्सच्या आजारात प्रामुख्यानं मरतात त्या मध्यमेंदूतल्या एका काळसर पट्ट्यातल्या, डोपामिन सोडणाऱ्या पेशी. दोन्ही बाजूंच्या मिळून जेमतेम चार-पाच लाख. त्या मोजायला सहा दिवस पुष्कळ झाले.

पण एकेकीचा पसारा बघा. बोलम आणि पिसादाकी या संशोधकांच्या 2012 च्या अंदाजानुसार माणसाच्या अशा एका पेशीचे इतर पेशींशी जोड 10 ते 24 लाख. 24 लाख म्हणजे 2011 च्या जनगणनेतला अख्खा तंजावर जिल्हा; कुंभकोणम, चोळपुरम आणि घरात अजून मराठी बोलणारी तिथली कुटुंबं धरून! तिच्या तंतूचे सगळे फाटे जोडले तर 4 मीटरांच्या पुढे जातात. दोन पेशींत नऊवारी.

या पेशी मेल्या की हात कापतो ते चारचौघांना दिसतं, निवड बिघडते ती दिसत नाही. निवड कशी होते ते समजून घ्यायला संशोधक मायकेल फ्रँक यांनी संगणकावर मोजक्याच कृत्रिम पेशींचं जाळं बांधलं. त्यात एक वाट 'कर' म्हणणारी, दुसरी 'नको' म्हणणारी. निवड फळली की डोपामिन उसळतं आणि 'कर' पक्की होते. फसली की ओसरतं आणि 'नको' पक्की होते. जाळ्यातलं डोपामिन घटवलं की झाला आजार. औषधानं ते वाढवलं, तर ओसरायचं तेव्हाही पुरतं ओसरत नाही. म्हणून जाळ्याचं भाकीत असं, की औषधाविना रुग्ण चुकांतून जास्त शिकेल आणि औषधावर असताना यशातून.

2004 मध्ये त्यांनी रुग्णांना जपानी अक्षरांच्या जोड्या दाखवून एकेक निवडायला सांगितलं. एका जोडीत एक अक्षर शंभरांत 80 वेळा बरोबर, दुसरं 20 वेळा. भाकीत खरं ठरलं. मला यात थक्क करतो तो जाळ्याचा लहानपणा.

मेंदूच्या या निवड करणाऱ्या भागाची गणिती प्रारूपं चेन्नईच्या आयआयटी मद्रासमध्ये श्रीनिवास चक्रवर्ती यांचा गट करतो. विषय नुसता प्रयोगशाळेतला नाही. पार्किन्सन्सच्या 3,090 रुग्णांच्या 2010 मधल्या पाहणीत 13.6 टक्के जणांना जुगार, बेसुमार खरेदी, अति खाणं अशा न आवरणाऱ्या ओढी आढळल्या, आणि डोपामिनसारखं काम करणारी औषधं घेणाऱ्यांत त्यांचं प्रमाण जास्त होतं.