आता गुडघ्याचं बघा

सकाळचे दहा वाजत आलेत. कृष्णाकाठच्या एका जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये एआरटी केंद्रासमोरचे, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथले बाक भरून गेलेत. पांढऱ्या केसांच्या बायका बऱ्याच आहेत. कुणी पदर पार कपाळापर्यंत ओढून बसलीय, कुणी शेजारणीशी द्राक्षाच्या भावाचं बोलतेय.

औषधाच्या खिडकीशी अक्का उभ्या आहेत. साठी कधीच उलटलीय. पिशवीतून त्या गोळ्यांची बाटली काढतात. लेबल नखानं खरवडून टाकलेलं आणि आत कापसाचा बोळा, एसटीत गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून. फार्मासिस्ट उरलेल्या गोळ्या ताटलीत ओततो, दोन-दोन करत बाजूला सारतो. हिशेब जुळतो, हिरव्या पुस्तकात नोंद होते.

"एकही चुकली नाही, मावशी?"

"चुकंल कशी? मालिकेचं गाणं लागलं की गोळी तोंडात."

पिशवीत दुसरीही एक पट्टी दिसते. कॅल्शियमची, गुडघ्यांसाठी गावातल्या डॉक्टरनं दिलेली. फार्मासिस्ट थांबतो. एचआयव्हीच्या या गोळीत डोल्युटेग्रॅविर असतं. उपाशीपोटी दोन्ही एकदम घेतली तर कॅल्शियम त्याला धरून ठेवतं आणि औषध रक्तात नीट उतरत नाही. तो सावकाश समजावतो. अक्का बोटावर घोकतात, "कॅल्शियम सकाळच्या न्याहारीला, ही रात्रीला." रांग खोळंबली तरी कुणी कुरकुरत नाही. या दोन मिनिटांचं मोल मला फार वाटतं.

अक्कांचा नवरा ट्रकवर होता. तो आजारी पडला तेव्हा सरकारी गोळ्या नव्हत्याच. मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत सुरू झाली, मुंबईचं जे. जे. त्यातलं एक. जिल्ह्यापर्यंत यायला आणखी वेळ लागला. तेवढा वेळ नवऱ्याकडे नव्हता. अक्कांना मिळाला. बागेत मजुरी करून त्यांनी पोरगा वाढवला. आता सुनेला सगळं माहीत आहे आणि नातू आजीच्याच ताटात जेवतो.

बाकाच्या टोकाला एक बाई एकटीच रडतेय. तीही साठीच्या आसपासची, नुकतंच निदान झालेलं. महिनोन् महिने ताप, वजन उतरलेलं, पण या वयाच्या बाईची एचआयव्ही तपासणी करावी हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. अक्का सरकून तिच्याजवळ बसतात.

"मला बी असंच वाटलं हुतं बाई, आता संपलं. आदी गोळी सुरू कर. रडायला पुढं लई दिस हायती."

डॉक्टर अक्कांना आत बोलावतात. व्हायरल लोडच्या रिपोर्टात विषाणू सापडण्याइतकाही नाही. डॉक्टर खूश.

"त्यो ऱ्हाऊ द्या," अक्का म्हणतात, "आता गुडघ्याचं बघा."

गुडघ्याचं बघायला त्या एका खासगी दवाखान्यात जाऊन आल्यात. ऑपरेशन करू म्हणाले, रक्ताचा रिपोर्ट आला आणि तारीखच मिळाली नाही. कारणही कुणी सांगितलं नाही. हे ऐकताना डॉक्टरांचा चेहरा उतरतो, अक्कांचा नाही. त्या पुढच्या वेळी साखर तपासायला उपाशी यायचं का, ते विचारतात.

पाळी गेल्यावर हाडं झिजतातच, एचआयव्ही आणि काही जुन्या औषधांनी ती आणखी ठिसूळ होतात. वीस वर्षं आपण या बायकांना मरू दिलं नाही. आता त्यांना मोतीबिंदू, मधुमेह, गुडघे यांचेही उपचार इतरांसारखेच मिळाले पाहिजेत. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार केवळ संसर्ग आहे म्हणून उपचार नाकारणं बेकायदा आहे. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. वाचकांत कुणी अस्थिरोगतज्ज्ञ असतील तर त्यांना हात जोडून सांगणं आहे: नेहमीची खबरदारी घ्या आणि अक्कांना तारीख द्या. आणि कुणा अक्कांना कोणी परत पाठवलंच, तर एचआयव्ही हेल्पलाइनचा १०९७ हा मोफत क्रमांक त्यांना लावून द्या.