जोडधंदा ते पूर्णवेळ व्यवसाय : मालिश करणाऱ्या बाईंचा हिशेब

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव प्राचीन मंदिरांसाठी आणि बारवेसाठी अभ्यासकांना परिचित आहे. मराठवाड्यातील अशा जुन्या, मोठ्या गावांत बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या बाईंचे नाव घरोघर ठाऊक असते. मात्र तेवढ्या एकाच कामावर त्यांचे घर क्वचित चालते. सकाळी एक-दोन घरी मालिश आणि उरलेला दिवस शेतात, असा बहुधा क्रम असतो. या अर्धवेळ कामाचा पूर्णवेळ स्वयंरोजगार करायचा म्हटले, तर कौशल्याची अडचण फारशी येत नाही. अडचण येते ती घड्याळाची आणि जन्मदराची.

पूर्वी हे काम सुईणपणाचाच भाग होते. बाळंतपण, नाळ कापणे आणि नंतरचे न्हाणे-माखणे एकाच हाती असे. अनेक गावांत ते जातीच्या चौकटीत बांधलेले होते आणि मोबदला पायलीभर धान्य, लुगडे, खण-नारळ असा मिळे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील ९४.७ टक्के प्रसूती रुग्णालयांत किंवा आरोग्य केंद्रांत झाल्या. सुईणीचे मुख्य काम अशा रीतीने गेले. तेल, शेक आणि न्हाणे तेवढे घरी राहिले. आजची मालिशवाली या उरलेल्या भागावर उभी आहे.

बाळाची अंघोळ सकाळीच व्हावी, असा घराघरांचा आग्रह असतो. बाळंतिणीला तेल लावणे, बाळाची मालिश, दोघांची अंघोळ आणि शेक यांत एका घरी तास-सव्वा तास सहज जातो. सकाळी सहा ते बारा या वेळेत, जाण्यायेण्याचा वेळ धरून, चार घरे होतात. पाचवे घर घेतले की कोणाची तरी अंघोळ दुपारवर ढकलावी लागते आणि कुरबुर सुरू होते. शहरातील मोठ्या गृहसंकुलात दोन-तीन घरे एकाच आवारात मिळाली, तर चालणे वाचते. गावात हा लाभ नाही.

आता मागणीचा हिशेब पाहू. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ होता. म्हणजे दहा हजार वस्तीच्या गावात वर्षाला सुमारे दीडशे जन्म. एका घरचे काम साधारण चाळीस दिवस चालते. वर्षभर रोज चार घरे हवी असतील, तर किमान ३६ बाळंतपणे मिळाली पाहिजेत. गावातील जवळजवळ प्रत्येक चौथे घर. ज्या घरी आजी किंवा मावशीच हे काम करते आणि ज्यांना पैसे देणे परवडत नाही, अशी घरे वजा करता एवढ्या गावात एक, फार तर दोन बायकांचा पूर्णवेळ निभाव लागेल. म्हणून लहान गावातून पूर्णवेळ उतरणारीला शेजारची गावे किंवा दुपारचे दुसरे काम जोडावेच लागते. गुडघे-कंबर दुखणाऱ्या वृद्धांची मालिश हे त्यातले सर्वांत सोयीचे. तिला सकाळची अट नाही आणि चाळीस दिवसांची मर्यादाही नाही.

खरी कसोटी दसरा-दिवाळीच्या सुमारास लागते. कापसाची वेचणी सुरू होते, मजुरी किलोवर मिळते आणि तीही रोखीने. देशात जन्मांचे प्रमाण वर्षाच्या उत्तरार्धातच अधिक असते. म्हणजे दोन्ही कामांचा हंगाम एकच. वेचणीला जाणारी बाई त्या वर्षीच्या घरांना मुकते आणि ज्या घरी ती गेली नाही, ते घर तिचे नाव पुढे सांगत नाही. या धंद्याची जाहिरात तोंडोतोंडच होते.

दराचा प्रश्नही इथेच येतो. जोडधंदा असताना दोन बाळंतपणांमधले भाकड दिवस शेतमजुरी भरून काढते. पूर्णवेळात ते दिवस दरातूनच निघाले पाहिजेत. समजा, एका घरी दिवसाला शंभर रुपये मिळतात. चार घरांचे महिन्याला बारा हजार होतात. पण वर्षाची सरासरी तीन घरांची पडली, तर हाती येतात नऊ हजार. तेव्हा घरखर्चाला बारा हजार लागत असतील, तर दर शंभर नव्हे, किमान एकशे तेहतीस हवा. रोजाऐवजी चाळीस दिवसांची एकरकमी बोली, सातव्या महिन्यातच थोडी आगाऊ रक्कम आणि घरचे लोक गावाला गेले तरी त्या दिवसांचे पैसे, हे तीन नियम म्हणूनच आवश्यक ठरतात. साडी-चोळीचा मान आनंदाने घ्यावा. दरात मात्र तो धरू नये.

व्यवसाय म्हटला की जबाबदारीही आली. वरील पाहणीनुसारच राज्यातील चौथा हिस्सा प्रसूती शस्त्रक्रियेने होतात. अशा बाळंतिणीच्या पोटाला डॉक्टरांच्या परवानगीवाचून हात लावता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला हलक्या हाताची मालिश करण्यास अनुकूलता दर्शवली. पण बाळाच्या नाका-कानांत तेल सोडणे, त्याची छाती पिळणे, बंद खोलीत धुरी देणे या प्रथा बालरोगतज्ज्ञांना मान्य नाहीत. आजीबाईंचा आग्रह असतानाही नकार देता येणे, हे या कामातले अवघड कौशल्य आहे.

सरकारदरबारी या कामाला स्वतंत्र ओळख नाही. जपानमध्ये मालिश हा १९४७ च्या कायद्याने परवानाधारक व्यवसाय आहे. आपल्याकडे २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत नाभिक आहेत, परीट आहेत, मालिश नाही. असंघटित कामगार म्हणून ई-श्रम नोंदणी मात्र करता येते. मुद्रा योजनेच्या शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळू शकते. पण तेल, टॉवेल आणि पाट यांपलीकडे भांडवल न लागणाऱ्या धंद्यात कर्ज काढण्याची घाई कशाला? त्यापेक्षा वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचे संरक्षण देणारा पंतप्रधान सुरक्षा अपघात विमा आधी काढलेला बरा. ओल्या न्हाणीघरात पाय घसरणे आणि मनगट जायबंदी होणे, हा या कामातला नेहमीचा धोका आहे. आजारपणातली रजा या विम्यात येत नाही; त्यासाठी चांगल्या महिन्यांतच एका घरची कमाई बाजूला टाकावी लागते.