पाण्यावर जाताना अमीर कोण?

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी फजरची नमाज आटोपून आम्ही तिघे मित्र नाशिकहून निघालो. चौथा त्र्यंबकेश्वरला भेटणार होता. गाडीत गळ, दोर, चहाचा थर्मास आणि अम्मींनी दिलेला रोट्यांचा डबा. डबा देताना अम्मींनी दारातच विचारले, "होडीत बसणार आहात का रे?" मी म्हणालो, "बघू." घरोघरी असेच उत्तर दिले जाते आणि घरची बाई संध्याकाळपर्यंत फोनकडे बघत बसते.

नाशिकहून त्र्यंबक जेमतेम तीस किलोमीटर. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी पूर्वेला वळते आणि १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणाही त्र्यंबकच्याच डोंगरांतली. पण ती पश्चिमेला उतरते आणि अरबी समुद्राला जाते. वैतरणा आणि अळवंडी या दोन नद्यांवर बांध घालून अप्पर वैतरणा जलाशय झाला. मुंबईच्या नळाला येणारे पाणी काही अंशी इथलेच. गोदावरीच्या बाजूला गंगापूर धरण आहे, ते १९६५ सालचे. सुट्टीच्या दिवशी या सगळ्या काठांवर मित्रांची टोळकी दिसतात. आम्ही वैतरणेचा रस्ता धरला.

आमचा त्र्यंबकचा मित्र लहानपणापासून पाण्याजवळ वाढलेला. चहाच्या टपरीवर आमच्यातल्या एकाने आठवण करून दिली की तिघेजण सफरीला निघाले तर त्यांनी आपल्यातल्या एकाला अमीर नेमावे, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. अबू दाऊदच्या संग्रहात ती आलेली आहे. आम्ही हसत हसत त्र्यंबकच्या मित्रालाच अमीर केले. पाण्याची माहिती त्याला, म्हणून हुकूमही त्याचा. त्याने मात्र ते हसण्यावारी नेले नाही. काठावर पोहोचल्याबरोबर सगळ्यांना विचारले, "पोहता कोणाकोणाला येतं?" चौघांनीही माना हलवल्या.

गळ टाकण्याआधी त्याने आम्हाला तिथल्या मच्छीमारांकडे नेले. धरणातली मासेमारी बहुधा सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. संस्था मत्स्यबीज विकत घेऊन पाण्यात सोडते. कटला, रोहू, मृगळ यांची बोटभर पिल्ले, म्हणजे बोटुकली, वाढवून त्यावर अनेक घरांची चूल पेटते. तेव्हा न विचारता गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या हक्काला हात घालणे. आम्ही विचारले, त्यांनी एक जागा दाखवली. घरी न्यायचा मासा त्यांच्याकडूनच विकत घ्यायचा, असेही ठरले.

कणकेचे गोळे आणि गांडुळे लावून आम्ही बसलो. दोन तासांत गळाला लागली ती चिलापी. हा मासा मूळचा आफ्रिकेतला. १९५२ साली भारतात आणला गेला. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्ले जगतात आणि ही जात भराभर वाढते. आपल्याकडच्या माशांचे खाद्य आणि जागा तीच बळकावते. म्हणून चिलापी ठेवली आणि एक लहानसा रोहू लागला तो ओल्या हातानेच गळातून सोडवून पाण्यात सोडला. कोरड्या हाताने धरले तर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही मरतो.

दुपारी जुहरच्या वेळी वजूसाठी मी पाण्याकडे निघालो, तर अमीरने हाक मारली. एप्रिलमध्ये पाणी मागे हटलेले असते. वरून वाळलेला दिसणारा गाळ खाली मऊ असतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो. दगडांवर शेवाळ असते. जिथे कंबरभर पाणी वाटते तिथेच जुन्या नदीचे पात्र किंवा बुडालेली विहीर असू शकते. त्याने दोराला डबा बांधून पाणी काढून दिले. आम्ही झाडाखाली वजू केला, नमाज झाली, रोट्या आणि मित्राच्या घरची नागलीची भाकरी एकाच दस्तरखानावर खाल्ली.

मग होडीचा विषय निघाला. ओळखीच्या मच्छीमाराची होडी होती, पण लाईफ जॅकेट दोनच. अमीर म्हणाला, "दोघे दोघे जाऊ." तोवर वारा सुटला होता. उन्हाळ्यात घाटमाथ्यावर दुपारनंतर वारा जोर धरतो आणि रुंद जलाशयात लाटा उठतात. अमीरने आकाशाकडे, पाण्याकडे पाहिले आणि सांगितले, "आज होडी नाही." आमच्यातला एकजण चिडला. एवढ्या लांब आलो, पंधरा मिनिटांत जाऊन येऊ, घाबरतोस काय, असे बरेच बोलला. अमीरने फक्त उजनीची आठवण दिली.

२१ मे २०२४ रोजी सोलापूर जिल्ह्यातल्या कुगावहून पुणे जिल्ह्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्याने उलटली. होडीत सातजण होते. एकजण पोहत काठाला लागला, सहाजण गेले. त्यांत लहान मुलेही होती. ते लोक मौजेला निघालेले नव्हते, नेहमीच्याच वाटेने जात होते. केरळात थेक्कडीला ३० सप्टेंबर २००९ रोजी सहलीची बोट उलटून ४५ जण मरण पावले. जनावरे पाहायला माणसे एका बाजूला सरकली आणि बोट कलंडली. भारतात बुडून मरणाऱ्यांची संख्या वर्षाला तीस हजारांहून अधिक आहे.

होडी काठावरच राहिली. आम्ही मच्छीमाराकडून एक कटला घेतला आणि तोंडे पाडून परतलो.

सातपूर ओलांडल्यावर मागे बसलेले भाईजान, आमच्यात वयाने सर्वांत मोठे, हळूच म्हणाले, "मला पोहता येत नाही." गाडीत शांतता झाली. मग सकाळी मान का हलवलीत, असे कोणीतरी विचारले. ते म्हणाले, "तुम्ही सगळ्यांनी हलवली. या वयात एकट्याने नाही कसं म्हणू?"

तेव्हापासून मी या गोष्टीचा विचार करतो आहे. आम्ही वाऱ्यापासून वाचलो, गाळापासून वाचलो. पण खरा धोका आमच्या गाडीतच बसला होता, तो म्हणजे मित्रांसमोर वाटणारी लाज. पोहता येत नाही हे सांगायची लाज, भीती वाटते हे सांगायची लाज. घोळक्यात प्रत्येकजण दुसऱ्याकडे पाहून हो म्हणतो आणि नाही म्हणायला कोणीच उरत नाही. अमीर नेमण्याचा फायदा मला तिथे कळला. नाही म्हणण्याचा अधिकार आधीच एकाच्या हाती दिलेला असला, की बाकीच्यांची लाज राखली जाते आणि जीवही.

आता आम्ही चार गोष्टी पक्क्या केल्या आहेत. माणशी एक जॅकेट, पट्टे आवळून. पोहता येते की नाही हा प्रश्नच नको. जॅकेट कमी असतील तर होडी नाही. होडीत उभे राहायचे नाही, एका बाजूला सरकायचे नाही. दुपारच्या वाऱ्याआधी काठावर यायचे.

शिवाय गाडीत लांब दोर आणि झाकण घट्ट बसणारा रिकामा कॅन असतोच. कोणी बुडू लागला तर मागोमाग उडी घ्यायची नाही. बुडणारा वाचवणाऱ्यालाच मिठी मारतो. कॅन बांधलेला दोर फेकायचा, आरडाओरडा करून मच्छीमारांना बोलवायचे, ११२ ला फोन लावायचा. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगून पोटातले पाणी काढत बसू नये. त्यात वेळ जातो. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यावा आणि छाती दाबावी. हे दवाखान्यात किंवा प्रशिक्षण वर्गात एकदा शिकून घ्यावे.

आणि अम्मींना आता मी "बघू" म्हणत नाही. कुठल्या पाण्यावर जातो, अमीर कोण, जॅकेट किती, मगरिबच्या आत परत येऊ की नंतर, एवढे सांगून निघतो. त्या दुआ देतात आणि रोट्यांचा डबा पुढे करतात.